निरुपयोगी जिवाची शुश्रूषा

एक साधा प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. पनवेल तालुक्यातील ओवे गाव. एका अंगाला खारघरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला तळोजे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी या टापूतील जमिनी घेतल्या जाऊ लागल्या. जेथे भाताची खाचरे होती तेथे आज उंच इमारती आहेत. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. अशा गावातील एका जुन्या घरात सोळा वर्षांची एक मांजर आहे असे समजा. त्या घरात मांजर पाळण्याची रीत पडली तेव्हा घरात भात साठवलेला असे, भातामागे उंदीर असत आणि उंदरांमागे मांजर असे. आता शेत नाही, कणगी नाही, म्हणून मांजरीचे कामही नाही. त्यात तिला म्हातारपण आले आहे. माणसाच्या हिशेबाने तिने पंचाहत्तरी ओलांडली आहे. तिला नीट दिसत नाही, उडी मारता येत नाही. ती सारखे पाणी पिते, जागा चुकून भलतीकडे लघवी करते आणि दिवसेंदिवस वाळत चालली आहे. घरातला कोणी म्हणतो, "आता हिचा काय उपयोग?"

हा प्रश्न विचारणारा दुष्ट असतो असे नाही. तो रात्रभर जागलेला असतो, सकाळी त्याला कामावर जायचे असते आणि फरशी त्यालाच पुसावी लागलेली असते. परंतु त्याच्या तोंडून जो शब्द बाहेर पडला, तो 'उपयोग' हा शब्द आपण नीट तपासला पाहिजे. मांजरीचे काय करावे हा प्रश्न लहान आहे. ज्याचा उपयोग संपला त्याचे काय करावे, हा प्रश्न मात्र लहान नाही.

पोते आणि पाप

आपल्याकडे मांजर मारणे हे मोठे पाप समजले जाते. मांजर मारले तर सोन्याची मांजर दान करावी लागते, काशीला जावे लागते, अशी समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तीच मांजर रस्त्यात आडवी गेली तर अपशकुन म्हणून माणूस पाच पावले मागे फिरतो! एकाच प्राण्याविषयी एवढी भीती बाळगणाऱ्या समाजाने त्या प्राण्याची काळजी घेतली काय? नाही. त्याने पळवाट शोधली. मांजर नकोशी झाली की तिला पोत्यात घालायचे, पोत्याचे तोंड बांधायचे आणि लांबच्या मासळीबाजारात, नाहीतर खाडीपलीकडे नेऊन सोडायचे. आपल्या हाताने मारले नाही, म्हणून पाप लागले नाही!

परंतु ज्या मांजरीला दिसत नाही, जिच्या तोंडात दात उरलेले नाहीत, तिला परक्या बाजारात सोडणे म्हणजे काय? तेथली धडधाकट मांजरे तिला टिकू देणार नाहीत, कुत्री सोडणार नाहीत, ट्रक थांबणार नाही. मरण तर येणारच, मात्र ते भुकेने, भीतीने आणि आपल्या नजरेआड येणार. म्हणजे ज्याला आपण पाप टाळणे म्हणतो, ते पाप दुसरीकडे नेऊन टाकणे आहे.

येथे भीतीवर उभारलेली नीती आणि धम्मावर उभारलेली नीती यांतला भेद स्पष्ट दिसतो. भीतीची नीती विचारते, "मला काय लागेल?" धम्माची नीती विचारते, "त्याला काय होईल?" पहिली माणसाचे हात तेवढे स्वच्छ ठेवते. दुसरी त्या हातांना काम देते.

देशाचा कायदाही या बाबतीत गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्याची काळजी घेतली पाहिजे, असे त्याचे तिसरे कलम सांगते. भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे ही अकरावे कलम क्रूरता ठरविते. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र आहे दहा ते पन्नास रुपये. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली, त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हेही एक कर्तव्य आहे. पन्नास रुपयांच्या धाकाने कोणी मांजर सांभाळील असे नाही. म्हणूनच हा प्रश्न शेवटी कायद्याचा उरत नाही, शीलाचा होतो.

एक रास्त आक्षेप

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. "भूतदयेच्या गोष्टी आम्हाला कोणी सांगाव्यात? या देशात मुंग्यांना साखर घालणारे, नागाला दूध पाजणारे लोक आम्हाला पाणी देत नव्हते."

खरे आहे. ओवे ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात महाड आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसाला बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले, ते माणूस म्हणून असलेला अधिकार बजावण्यासाठी. मुंबईत १८३४ साली पांजरपोळ सुरू झाला, लुळ्यापांगळ्या जनावरांना तेथे आयुष्यभर चारा मिळू लागला. त्या काळी गावकुसाबाहेरच्या म्हाताऱ्या माणसाला असा आयुष्यभराचा आसरा कोठे होता?

हा इतिहास विसरून मांजरीवर निबंध लिहिणे हा अपराध ठरेल. परंतु या इतिहासातून निष्कर्ष कोणता काढायचा, याचा विचार थंड डोक्याने केला पाहिजे. चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती हा अन्याय नव्हता. माणसाला पिऊ देत नव्हते हा अन्याय होता. त्या सत्याग्रहाने गुरांना तळ्यावरून हाकलून लावा अशी मागणी केली नाही. त्याने माणसाला तळ्यावर आणले. दया जनावराला मिळाली म्हणून माणसाची कमी पडली, असे कधीच झाले नव्हते. माणसाला ती द्यायचीच नव्हती, आणि जनावराला दिलेली दया पुण्याच्या वहीत जमा करायची होती.

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसापुरती असते, मैत्री त्यापुढे जाऊन सर्व जिवांना कवेत घेते, आणि धम्माला करुणेवर थांबून चालत नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी जनतेला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील तेरावी सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याविषयी आहे. ज्यांना शतकानुशतके दया नाकारली गेली, त्यांच्याच तोंडून ही प्रतिज्ञा वदवून घेतली गेली, याचा अर्थ ध्यानात घ्या. सोसलेल्या माणसाने दया आखडती घ्यावी असे बाबासाहेबांना वाटले नाही. उपयोगाच्या मापाने मोजून फेकून देणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, तो ते माप दुसऱ्या जिवाला कसे लावील?

ज्या भिक्खूचा कोणाला उपयोग नव्हता

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. बाबासाहेबांनीही ती आपल्या ग्रंथात घेतली आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारात फिरत असता त्यांना तो दिसला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. त्याने नाही म्हणून सांगितले. का नाही, असे विचारता त्याने जे उत्तर दिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत, असा त्याचा आशय होता.

पाहा, तोच शब्द! तथागतांनी यावर प्रवचन आधी केले नाही. आधी पाणी आणवले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर निजवले. मग संघाला जमवून सांगितले की, तुम्हाला आईबाप जवळ नाहीत, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

ही शिकवण भिक्खूंना होती, मांजरीसाठी नव्हती, हे खरे. परंतु तिच्यातले तत्त्व कोणते? सेवेचा आधार उपयोग नव्हे, गरज होय. आणि ज्याला दुसरा कोणी नाही, त्याची जबाबदारी जवळच्याची होय. पाळीव मांजरीला रानात परत जाता येत नाही. आपणच तिला घराची सवय लावली. तिला आपल्यावाचून कोण आहे?

शुश्रूषकाचे पाच गुण

त्याच प्रकरणात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. म्हाताऱ्या मांजरीची सेवा करणाऱ्याने ते एकेक करून आपल्याला लावून पाहावेत.

पहिला गुण, औषध देण्याची पात्रता. येथे श्रद्धा नव्हे, ज्ञान लागते. आपल्याला लागू पडते ते औषध मांजरीला लागू पडत नाही. ताप-अंगदुखीसाठी आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते, कारण तिचे यकृत ते औषध पचवू शकत नाही. म्हणून घरातली गोळी फोडून देऊ नका. पशुवैद्याला दाखवा. फार पाणी पिणे, फार लघवी होणे आणि वाळत जाणे ही बहुधा मूत्रपिंड थकल्याची खूण असते. म्हाताऱ्या मांजरींत हा विकार फार आढळतो. मधुमेहातही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी हवी. खूप खाऊनही वाळत असेल तर गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा दोष असू शकतो. एकाएकी आंधळेपण आले तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. मूत्रपिंडाचा आजार बरा होत नाही, पण कातडीखाली सलाईन देणे पशुवैद्य घरच्या माणसाला शिकवू शकतात, आणि त्याने उरलेले दिवस पुष्कळ सुसह्य होतात.

दुसरा गुण, काय हितकर व काय अहितकर हे जाणणे. काही घरांत मांजरीला दूधभातावर ठेवतात आणि त्याला सात्त्विकपणा म्हणतात. परंतु मांजर जन्मतःच मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो न मिळाल्यास तिच्या डोळ्यांचा पडदा नासतो, हे शास्त्रज्ञांनी १९७५ साली दाखवून दिले. आपल्या सोवळेपणासाठी मांजरीला आंधळे करणे ही अहिंसा नव्हे. मोठ्या मांजरींपैकी पुष्कळांना दूधही पचत नाही. दुसऱ्या बाजूने, आपल्या भागात सुकट, सुके बोंबील हाताशी असतात आणि मांजर ते आवडीने खाते, पण त्यांतले मीठ आजारी मूत्रपिंडाला सोसत नाही. बिनमिठाची उकडलेली मासळी काटे काढून किंवा कोंबडीचे मांस बारीक करून, जरा कोमट करून द्यावे. कोमट केल्याने वास सुटतो आणि मंदावलेल्या नाकाला अन्न कळते. दोन-तीन दिवस तिने काहीच खाल्ले नाही तर "म्हातारी झाली, चालायचेच" म्हणून स्वस्थ बसू नये. उपासाने मांजरीच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकते.

तिसरा गुण, लाभाच्या आशेने नव्हे, मैत्रीचित्ताने सेवा करणे. याविषयी वर लिहिलेच आहे. आजारी मांजर उंदीर धरणार नाही, लाडात येणार नाही, कदाचित ओरबाडील. मैत्रीची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

चौथा गुण, मल, मूत्र, थुंकी, ओकारी उचलण्याची किळस नसणे. वाचकहो, या देशात घाण कोणी करायची आणि ती कोणी उचलायची हे जन्मावर ठरवले गेले. म्हणून हा गुण आपण विशेष आदराने वाचला पाहिजे. तथागतांनी हे काम शुश्रूषकाच्या श्रेष्ठ गुणांत बसविले आणि स्वतःच्या हाताने करून दाखविले. म्हणून घरातले हे काम एकट्या सुनेवर किंवा मुलीवर टाकू नका. पुरुषांनी करावे, मुलांनी करावे. बुटक्या काठाचे घमेले घेऊन त्यात वाळू घाला, ते तिच्या झोपण्याच्या जागेजवळ ठेवा. सांधे दुखणाऱ्या मांजरीला उंच काठ ओलांडता येत नाही, म्हणून ती फरशीवर करते, खोडीने नव्हे. तिला स्वतःचे अंग चाटता येत नसेल तर ओल्या फडक्याने पुसा. नखे झिजत नाहीत, वाकून तळव्यात रुततात, ती पाहत जा. आंधळी झाली असेल तर पाण्याचे भांडे व सामान रोज त्याच जागी ठेवा.

पाचवा गुण, वेळोवेळी धम्मकथेने रोग्याचे मन प्रसन्न करणे. मांजरीला धम्मकथा काय सांगणार? पण ओळखीचा आवाज आणि ओळखीचा हात तिला कळतो. येथे उलटाच प्रकार घडतो. धम्मकथा ती सांगते आणि आपण ऐकतो. अनित्यता हा शब्द आपण वंदनेत म्हणतो. ती अनित्यता घरातल्या मुलांच्या डोळ्यांदेखत, एका आवडत्या जिवाच्या अंगावर दिवसेंदिवस उमटत असते. तेव्हा मोठी माणसे त्या जिवाशी कशी वागतात, हे मुले पाहून ठेवतात. पुढे आपलीही पाळी येणार आहे.

त्या प्रकरणात अवघड रोग्याची लक्षणेही दिली आहेत. तो औषध घेत नाही, दुखणे नीट सांगत नाही. मांजर तर जातीनेच अशी. ती दुखणे लपवते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. वेदना असतानाही ती घुरघुरते, म्हणून घुरघुरण्यावरून ती सुखी आहे असे समजू नये. जो बोलू शकत नाही त्याच्याकडे लक्ष ठेवावे लागते. आठवड्यातून एकदा तिला कुशीत घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. चार किलोच्या जिवाचे अर्धा किलो वजन उतरणे म्हणजे माणसाचे सात-आठ किलो उतरण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व पैसेवाल्यांचे काम. औषधाला पैसे लागतात, हे खरेच. मुलाची शाळेची फी मोडून मांजरीचा महागडा उपचार करा असे कोणताही समंजस माणूस सांगणार नाही. परंतु वर सांगितलेल्यापैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, लक्ष लागते. आणि लक्ष ही गरिबालाही देता येणारी वस्तू आहे.

शेवटचा प्रश्न

आता सर्वांत कठीण प्रश्न. मांजर खात नाही, उठत नाही, दुखण्याने कण्हते, पशुवैद्य म्हणतात की आता आराम पडणार नाही, इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देता येईल. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे शील घेतलेल्याने काय करावे?

जुन्या परंपरेतील अनेक भिक्खू याला नकार देतात. जाणूनबुजून प्राणी मारणे विनयात भिक्खूला दोषास्पद मानले आहे, आणि दुखणे बघवत नाही म्हणून मारणाऱ्याच्या मनातही एक प्रकारचा तिटकारा दडलेला असतो, असे ते म्हणतात. हा इशारा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मरणाची घाई बहुधा रोग्याला नसते, शुश्रूषकाला असते.

दुसऱ्या बाजूने, बाबासाहेबांनी अहिंसेविषयी लिहिताना तत्त्व आणि नियम यांत भेद केला. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करण्यास मोकळे ठेवते. तथागतांनी अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, अशी त्यांची मांडणी आहे. मरण देण्याच्या या विशिष्ट प्रश्नावर तो शब्द नव्हे. तरी विचाराची वाट त्यातून दिसते.

माझे मत असे की निर्णयापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. जे संपवायचे आहे ते दुःख तिचे आहे की आपले? दुःख कमी करण्याचे जे उपाय आपल्या आवाक्यात होते ते आपण खरोखर केले काय? आणि तिसरा, घाण, जागरण आणि खर्च उद्यापासून नाहीसे झाले, पण तिची वेदना मात्र तशीच राहिली, तरीही आपण हाच निर्णय घेऊ काय? तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देऊनही वेदना तेवढी उरत असेल, तर पशुवैद्याच्या हातून तिला मरण देणे ही मला मारण्याची इच्छा वाटत नाही. परंतु त्याला पुण्यही म्हणू नये. ते एक जड काम आहे आणि ते जवळ बसून, तिच्या अंगावर हात ठेवून करावे. दारातून तिला दुसऱ्याच्या हाती देऊन पाठ फिरवली, तर इंजेक्शनचेही पोतेच होईल.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी शेवटपर्यंत सेवा करावी. तोही धम्माचाच मार्ग आहे. मात्र "नैसर्गिक मरण" या नावाखाली तिला अडगळीत टाकून देऊ नये. सेवा न करता मरणाची वाट पाहणे आणि मरण देणे, यांत पहिले अधिक अहिंसक आहे असे मानण्यास आधार नाही.

सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात नोंदवले आहे की, त्याने माणसांच्या आणि पशूंच्या अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केली. त्याचा नववा शिलालेख आपल्याच किनाऱ्यावर, सोपारा परिसरात १९५६ साली मिळाला. लोक आजारपणात, लग्नात, प्रवासात नाना मंगलकार्ये करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे आणि प्राण्यांशी संयमाने वागणे, असा त्याचा आशय आहे. बाबासाहेबांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी हा दगड मातीतून वर आला, हा योगायोग आहे, त्याला चमत्कार म्हणण्याचे कारण नाही. दगडावरचा मजकूर मात्र खरा आहे.

म्हणून वाचकहो, आपल्या घरात, शेजारी, चाळीच्या जिन्याखाली एखादी म्हातारी मांजर असेल तर तिचा उपयोग काय हे विचारू नका. तिला आज पाणी पोचले काय, ते विचारा. हाच प्रश्न मग शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याविषयी, कामावरून काढलेल्या मजुराविषयी, खाटेवर खिळलेल्या आजीविषयी विचारण्याची सवय लागेल. ती सवय लागली, तर मैत्री हा शब्द आपल्या वंदनेतून आपल्या हातांत उतरला असे म्हणता येईल.